व्होल्टेज-करंटवरून रेझिस्टन्स आणि वॅट काढताय? या चुका टाळा

फॉर्म्युले दोनच. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट, शाळेत सगळ्यांनी घोकलेले. तरी उत्तर चुकतं, आणि बहुतेक वेळा गुणाकार-भागाकार बरोबरच असतो, आकडे चुकीच्या ठिकाणचे उचललेले असतात. व्होल्टेज एका जागेचं, करंट दुसऱ्या जागेचा, नाहीतर एक आकडा वस्तू चालू असतानाचा अन् दुसरा बंद असतानाचा, मग कॅल्क्युलेटर तरी काय करणार.

आधी मिलिअँप. १२ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी लावायचा, करंट २० मिलिअँप पाहिजे, तर नवखी पोरं सरळ १२ भागिले २० करतात, ०.६ ओहम येतं, आणि एलईडी लावल्या लावल्या उडतो. २० मिलिअँप म्हणजे ०.०२ अँप. शिवाय सगळेच्या सगळे १२ व्होल्ट काय रेझिस्टरवर पडत नाहीत, साधारण २ व्होल्ट एलईडीच घेतो, उरले १०. मग १० भागिले ०.०२, आले ५०० ओहम. दुकानात ५०० सहसा मिळत नाही, ५६० घ्या, पाव वॅटचा चालतो कारण त्यात जेमतेम ०.१८ वॅट जातात.

दुसरी चूक म्हणजे बंद वस्तूचा रेझिस्टन्स मोजायचा आणि त्यावरून चालू असतानाचे वॅट काढायचे. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब मल्टिमीटरवर चाळीसेक ओहम दाखवतो, त्यावरून २३० चा वर्ग भागिले ४० केलं (वरचे दोन फॉर्म्युले एकत्र केले की वॅट म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स) की तेराशेच्या वर वॅट येतात आणि मग मीटर खराब आहे म्हणून शिव्या. मीटर ठीक आहे हो. फिलामेंट तापलं की त्याचा रेझिस्टन्स कितीतरी पट वाढतो, पेटलेल्या बल्बचा ५२९ ओहम असतो. गिझर, इस्त्रीच्या कॉइलचं तसं नाही, ती तापली तरी फार फरक पडत नाही, त्यामुळे २००० वॅटचा गिझर थंड असताना मोजला तरी २६-२७ ओहम येणार आणि कॉइल शाबूत आहे हे कळणार (मोजताना सप्लाय पूर्ण तोडलेला पाहिजे, नुसतं बटण बंद करून भागत नाही).

गिझरचाच विषय निघालाय तर अजून एक. वर २००० वॅट लिहिलंय म्हणजे तो कायम २००० घेतो असं नाही, ते २३० व्होल्टला. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं की रेझिस्टन्स तोच राहतो, करंट पण कमी होतो, आणि वॅट उरतात १३६५ च्या आसपास, म्हणून पाणी तापायला वेळ लागतो. इथे बरेच जण उलटं सांगतात की व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो. पाण्याच्या मोटरला ते बऱ्याचदा लागू पडतं, साध्या कॉइलला नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चूक, कारण इथे नुसतं उत्तर नाही तर बोर्ड जळतो. गिझर बंद असताना सॉकेटवर २२८ व्होल्ट, चालू केला की २०५, आणि क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) ७.७५ अँप. म्हणजे मधे कुठेतरी २३ व्होल्ट पडतायत. आता वायरिंगमधे किती वॅट जातायत हे काढताना व्होल्टेज कुठलं घ्यायचं? भले भले २२८ घेतात. वायरीवर पडले ते २३ च, तेच घ्यायचे. २३ भागिले ७.७५ म्हणजे जवळपास ३ ओहम, आणि २३ गुणिले ७.७५ म्हणजे साधारण १७८ वॅट. हेच २२८ चा वर्ग भागिले ३ करून काढलं तर सतरा हजार वॅट येतात, एवढं आलं तरी लोकांना शंका येत नाही ही गंमत. पण १७८ पण कमी नाहीत, ते सगळे एकाच ढिल्या स्क्रूपाशी जात असतील तर २५ वॅटच्या सात सोल्डरिंग आयर्न एका जागी टेकवून ठेवल्यासारखं झालं, सॉकेट काळं पडणार नाहीतर काय. मग गिझर चालूच ठेवून मीटरजवळच्या मेन बोर्डला व्होल्टेज बघायचं. तिथेही २०५ च्या आसपास दिसलं तर भानगड बाहेरच्या लाइनची, वीज कंपनीकडे तक्रार करा, तिथे २२५ वगैरे असेल तर घरातलाच जॉइंट, सॉकेट नाहीतर बारीक वायर. चालू बोर्डात हात घालायची सवय नसेल तर हे वायरमनकडूनच करून घ्या.

पंख्याला क्लॅम्प मीटर लावून ०.४ अँप आला आणि २३० ने गुणून ९२ वॅट काढले तर ते वॅट नाहीत, पॉवर फॅक्टरने (व्होल्टेज गुणिले करंटपैकी खरे वॅट किती हे सांगणारा, एकपेक्षा कमी आकडा) अजून गुणायचं राहिलं.

शेतातल्या थ्री फेज मोटरला तर हमखास गोंधळ. ५ एचपीची मोटर, ४१५ व्होल्ट, ७.५ अँप, आणि नुसता गुणाकार करून ३११२ वॅट. ५ एचपी म्हणजेच ३७३० वॅट होतात, मग मोटर घेते त्यापेक्षा जास्त देते का काय? थ्री फेज असल्यामुळे १.७३२ ने (तीनचं वर्गमूळ) गुणायचं, मग पॉवर फॅक्टर, समजा ०.८५, की येतात साधारण ४५८० वॅट. ३७३० ही शाफ्टवर मिळणारी ताकद, बाकीचे मोटर गरम होण्यात वगैरे जातात. यावरूनच युनिट पण काढा, तासाला साडेचारच्या वर. आणि करंट तिन्ही फेजचा बघा, एकाच वायरीला क्लॅम्प लावून मोकळं होऊ नका, एक फेज खूप खाली आणि बाकीचे दोन चढलेले दिसले तर हिशोब बाजूला ठेवून आधी मोटर बंद करा आणि स्टार्टर, फ्यूज, केबल तपासा.