मेन्स्ट्रुअल कप गळतो, काढताना दुखतो? या चुका टाळा

मेन्स्ट्रुअल कप म्हणजे पाळीत दुमडून योनीत घालायचा, रक्त साठवणारा छोटा मऊ कप. कप घेतलेल्या बऱ्याच जणी दुसऱ्या पाळीतच तो कपाटात टाकतात आणि पुन्हा पॅडकडे वळतात. कारण विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. "गळतो गं", नाहीतर "काढताना जीव जातो". दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण बहुतेक वेळा त्यांचं मूळ कप घालण्याच्या नि काढण्याच्या पद्धतीत असतं. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात २०१९ साली ४३ अभ्यासांचा आढावा छापून आला होता. त्यात कपाची गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा त्याहून कमी आढळली. मात्र हात बसायला दोन-तीन पाळ्या द्याव्या लागतात.

म्हणून पहिला प्रयोग ऑफिसच्या दिवशी करू नका. ठाण्याहून वाशीची लोकल पकडायची घाई, डोक्यात वेळेचं गणित आणि अंग आखडलेलं, अशा वेळी कप नीट बसत नाही. सुट्टीचा दिवस निवडा, नखं कापा, हात आधी धुवा. कप काढल्यानंतर हात सगळ्याच धुतात, घालण्याआधी मात्र विसरतात आणि जंतुसंसर्गाची भीती तिथेच असते.

गळती कुठून होते

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे कप आत जाऊन पूर्ण उघडतच नाही. घडी तशीच राहते आणि रक्त कडेने वाहतं. कप घातल्यावर बोट कपाच्या तळाभोवती फिरवून बघा. कुठे खळगा लागला, तर तळ चिमटीत धरून हलकेच फिरवा, किंवा त्या बाजूची योनीची भिंत बोटाने जरा बाजूला करा. कप 'पॉप' होऊन उघडल्याचं बऱ्याचदा जाणवतं. इंग्रजी 'सी'सारखी घडी सगळ्या व्हिडिओंत दाखवतात, पण ती जाड असते. कड आत दुमडायची 'पंच डाउन' घडी नवख्या हाताला सोपी जाते.

दुसरं कारण दिशेचं. योनीमार्ग सरळ वर जात नाही, मागे माकडहाडाकडे झुकलेला असतो. कप सरळ वर रेटला तर टोचतो, आणि कधी गर्भाशयाच्या तोंडाच्या खाली न बसता शेजारी बसतो. मग तो पूर्ण उघडलेला असूनही गळतो. पाळीत स्वच्छ बोटाने गर्भाशयाचं तोंड चाचपून बघा, ते नाकाच्या शेंड्यासारखं लागतं. बोट थोडंसंच आत जाताच ते लागलं, तर तुम्हाला आखूड कप हवा. पाळीत ते बऱ्याच जणींचं खाली येतं, म्हणून हे पाळीतच तपासायचं. लांबीचा हा मुद्दा दुकानदार सांगत नाहीत. ते फक्त "मुलं झालीत का?" एवढंच विचारून साइज देतात.

कडेजवळची बारीक छिद्रं बुजली तरी पकड नीट बसत नाही. कपात पाणी भरा, तोंडावर तळहात दाबून धरा आणि कप पिळा, म्हणजे त्यातून पाण्याच्या धारा निघून ती साफ होतात. कप बदलल्यावर लगेच पँटीवर दोन थेंब दिसले तर घाबरू नका, ते भिंतींना लागून राहिलेलं रक्त असतं.

घालताना खोबरेल तेल लावायचा सल्ला घरोघरी मिळतो. नको. ते नीट धुवून निघत नाही. कप पाण्याने ओला केला तरी पुरतो, फार तर पाण्यावर आधारलेलं लुब्रिकंट वापरा.

ओढू नका

माझी मावसबहीण घणसोलीला राहते. तिचा रात्री रडवेल्या आवाजात फोन आला, "ताई, आत गेलाय, हाताला लागतच नाही." तिला म्हटलं, आधी बाहेर ये, पाणी पी, थोडी फेऱ्या मार. कप पोटात हरवत नाही. वर गर्भाशयाचं तोंड आहे, त्यातून तो जाऊच शकत नाही. पण घाबरलं की स्नायू आवळतात आणि कप वर चढून बसतो. अर्ध्या तासाने ती उकिडवी बसली, शौचाला देतो तसा खाली जोर दिला, तेव्हा कपाच्या तळाची दांडी बोटाला लागली. "आता ओढू?" नाही. दांडी फक्त वाट दाखवायला. तिच्यावरून बोट वर सरकव, कपाचा तळ चिमटीत दाब, हवा सुटू दे, मग एका बाजूला तिरपा करत काढ. दोन मिनिटांत फोनवरच "निघाला गं!" ऐकू आलं.

सील, म्हणजे कपाची हवाबंद पकड, न तोडता ओढल्यानेच बहुतेक वेळा दुखतं. ज्यांनी तांबी बसवली आहे त्यांच्यासाठी तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण ओढताना तांबी सरकू शकते. त्यांनी कप घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बाळंतपणानंतरही डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय कप वापरू नका.

बाहेर असताना, आणि उकळताना

बहुतेक कप ८ ते १२ तास ठेवता येतात, आपल्या कपाच्या पाकिटावरची मर्यादा वाचा. रक्तस्राव कमी असलेल्या दिवसांत महापे-ऐरोलीच्या नोकरीत तो मध्ये काढावाही लागत नाही. जास्तीच्या दिवशी लागतो, आणि बेसिन संडासाच्या बाहेर असतं. पिण्याच्या पाण्याची छोटी बाटली आत न्या. तीही नसेल तर कप टिश्यूने पुसून घाला आणि घरी गेल्यावर धुवा.

एकाच पाळीत प्रत्येक वेळी उकळायची गरज नाही. पाळीच्या आधी आणि नंतर भरपूर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा आणि तिथून हलू नका. पाणी आटलं की कप तळाला चिकटून जळतो. घोडबंदर रोडला टँकरचं पाणी येत असेल तर त्यातल्या क्षारांचा पांढरा थर बसतो, म्हणून फिल्टरचं पाणी घ्या. यासाठी स्टीलचं छोटं पातेलं वेगळं ठेवा, म्हणजे सासूबाईंशी वाद नको. अँटिसेप्टिक लिक्विड, व्हिनेगर, सुगंधी साबण यांतलं काही लावू नका. कोरडा करून सुती पिशवीत ठेवा, हवाबंद डबीत वास धरतो. नुसता डाग चालतो. चिकट झाला किंवा चिरला तर फेकून द्या.

डॉक्टरकडे कधी

कप आत असताना लघवीला त्रास झाला तर तो काढा. तो फार मोठा किंवा कडक असू शकतो, आणि काढूनही त्रास राहिला तर दाखवा. अचानक जोराचा ताप, उलट्या, अंगावर लाल चट्टे दिसले तर कप काढून त्याच दिवशी दवाखाना गाठा. ही टॉक्सिक शॉक सिंड्रोमची, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराची, लक्षणं असू शकतात. तो दुर्मिळ आहे, पण त्यात वेळ घालवून चालत नाही.

आणखी एक गोष्ट. अनेक कपांवर मिलीलिटरच्या खुणा असतात, त्या वाचा. एका अख्ख्या पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर ते जास्त समजतात. २५ मिलीचा कप दर दोन तासांनी भरत असेल तर "आमच्या घरात सगळ्यांनाच असं होतं" म्हणत बसू नका. आकडे फोनमध्ये लिहून डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.