डीएससी कशी काढायची अन् टोकन आपल्याच हाती कसं ठेवायचं

आमच्या भागात डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट), म्हणजे पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबी टोकनमध्ये राहणारी कॉम्प्युटरवरची कायदेशीर सही, आता फक्त सीए अन् मोठ्या कंपन्यांची राहिली नाही. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीतून पेमेंट सोडायचं असलं तं ई-ग्रामस्वराज अन् पीएफएमएस या सरकारी पोर्टलवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्याही डीएससी लागतात. कास्तकारांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढायची म्हटलं तं कमीत कमी 10 उत्पादक सभासद अन् 5 संचालक पाहिजेत आणि रजिस्ट्रेशनचे फॉर्म डीएससीनेच साईन होतात. झेडपीचं टेंडर भरणारा छोटा ठेकेदार असो की मजूर सहकारी संस्था, महाटेंडर्स या राज्याच्या टेंडर पोर्टलवर डीएससीशिवाय आत जाता येत नाही. पण ज्याला फक्त स्वतःचा साधा इन्कम टॅक्स रिटर्न भरायचा आहे त्याने उगाच पैसे घालू नये, आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय होऊन जाते.

पहिले हे ठरवा की कोणती घ्यायची. क्लास 2 हा प्रकार 1 जानेवारी 2021 पासून बंद झाला, आता या कामांना क्लास 3 च लागते, त्यामुळे कोणी स्वस्तात क्लास 2 देतो म्हणत असलं तं तिथून उठून या. मुदत 1, 2 नाहीतर 3 वर्षं, त्याच्यापेक्षा जास्त नाही. मंग सायनिंग (नुसती सही) की कॉम्बो (सही अन् एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणं, दोन्ही) हा प्रश्न येते. रिटर्न, जीएसटी, कंपनीचे फॉर्म, याच्यासाठी नुसती सायनिंग पुरते. एन्क्रिप्शन काही टेंडर पोर्टलवर लागते, रेल्वेच्या आयरेप्स या टेंडर पोर्टलवर तं लागतेच, म्हणून ठेकेदाराने आपण कुठं कुठं टेंडर भरणार ते पाहून कॉम्बो घ्यायची का ते ठरवावं. तिसरी गोष्ट, वैयक्तिक नावाने की संस्थेच्या नावाने. संस्थेच्या नावाची घ्यायची असली तं संस्थेचे कागद अन् अधिकारपत्र जोडावं लागते. सरपंचांनी अर्ज करायच्या आधी पंचायत समितीत कोणती चालेल हे विचारून घ्यावं, नाहीतर पैसे जातात अन् पीएफएमएसवर काम अडकते.

घ्यायची कुठून? डीएससी देणाऱ्या कंपन्यांना सरकारचं लायसन्स लागते, ते देणारं ऑफिस म्हणजे कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज, त्यांच्या वेबसाईटवर लायसन्सवाल्यांची यादी आहे. ईमुद्रा, कॅप्रिकॉर्न, व्हीसाईन, एनकोड ही त्यातली नावं. तालुक्याला जो डीएससी काढून देतो तो यांच्यापैकीच कोणाचा तरी पार्टनर राहते. त्याला तीन गोष्टी विचारा: टोकनचे पैसे धरून सांगितलं का वेगळे, मुदत किती वर्षांची, अन् बिल देणार का. भाव दुकानागणिक बदलतो म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता कागद. पॅन, आधार, आधारशी जोडलेला चालू मोबाईल नंबर आणि ईमेल. ऐकायला सोपं आहे पण आपल्याकडं सगळं घोडं इथंच अडते. पॅनवर नाव एक, आधारवर एक, कुठं वडलांचं नाव मधात आहे कुठं नाही, बायांच्या बाबतीत तं पॅन माहेरच्या नावाने अन् आधार सासरच्या. हे आधी दुरुस्त करा, फॉर्म भरल्यावर नाही. पॅन आधारशी लिंक आहे का तेही पाहून घ्या. मोबाईल नंबर तुमचाच पाहिजे. शेतात काम करून करून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले त्यांना मशीनवर अंगठा लागत नाही, त्यांनी आधार ओटीपीच्या रस्त्याने जावं, पण त्याच्यासाठी आधारला नंबर जोडलेला पाहिजे, नसला तं आधी आधार केंद्रावर जाऊन जोडून घ्या.

अन् ईमेल. मोबाईल घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने जीमेल काढून दिला, पासवर्ड त्यालाच माहीत, असे कितीतरी जण आहेत. तो ईमेल डीएससीला देऊ नका. नवीन काढा, पासवर्ड स्वतः टाका, रिकव्हरीला स्वतःचा नंबर द्या. पुढं डाउनलोडचा मेल, मुदत संपायचा मेल, डीएससी बंद करायची वेळ आली तं त्याचा मेल, सगळं त्याच ईमेलवर येते. काही ऑपरेटर घाई असली की स्वतःचाच नंबर अन् ईमेल टाकून मोकळे होतात, तेव्हा फॉर्म सबमिट व्हायच्या आधी स्क्रीनवर दोन्ही वाचा, चष्मा नसला तं पोराला वाचायला लावा.

फॉर्म भरला, पैसे भरले की व्हिडिओची लिंक येते. व्हिडिओ अर्जदाराने स्वतःच द्यायचा. ओरिजिनल पॅन अन् ओळखपत्र हातात धरायचं, स्वतःचं नाव सांगायचं, स्क्रीनवर जे विचारते ते बोलायचं, अर्ध्या-एक मिनिटाचं काम आहे. नेटवर्क घरात नसलं तं गच्चीवर नाहीतर वावरात जा, दिवसा उजेडात करा, दुपट्टा तोंडावरून बाजूला घ्या, मागून ट्रॅक्टरचा आवाज नको. रिजेक्ट झाला तं घाबरायचं नाही, कारण वाचून पुन्हा द्यायचा.

मंजुरी आली की डाउनलोड. याला यूएसबी टोकन लागते, ईपास, प्रॉक्सकी, एमटोकन असे येतात. विंडोजवाला कॉम्प्युटर घ्या, टोकनचं सॉफ्टवेअर टाका, टोकन लावा अन् पहिले त्याचा पासवर्ड बदला. नवीन टोकनवर कंपनीचा ठरलेला पासवर्ड राहते, एक ते आठ आकडे किंवा असंच काही, आणि तो सगळ्या बाजाराला माहीत आहे. नवा पासवर्ड टाकताना ऑपरेटरला खुर्चीवरून उठवा, कीबोर्ड आपल्या हातात घ्या. लाज वाटायचं काही कारण नाही, एटीएमचा पिन टाकताना आपण हेच करतो. लाईनचा भरोसा नसते आपल्याकडं, डाउनलोड चालू असताना वीज गेली तं कटकट होते, म्हणून लॅपटॉप नाहीतर यूपीएसवरचा कॉम्प्युटर पाहा. झाल्यावर टोकनचं सॉफ्टवेअर उघडून आपलं नाव अन् मुदतीची तारीख बरोबर आहे का ते पाहून घ्या.

एक लक्षात असू द्या, चुकीचा पासवर्ड टाकत राहिले की टोकन लॉक होते, आणि मंग कोणी इनिशियलाइज करून देतो, म्हणजे टोकन कोरं करून देतो, म्हटला तं आतली डीएससी पुसली जाते. तिची कॉपी पेनड्राइव्हवर काढता येत नाही. पुसली किंवा टोकन हरवलं तं पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे.

नुसती डीएससी काढून काम होत नाही, प्रत्येक पोर्टलवर तिला वेगळी रजिस्टर करावी लागते. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर प्रोफाइलमध्ये जाऊन रजिस्टर डीएससी, पॅन जुळला पाहिजे. कंपनीला जीएसटीत डीएससीच लागते, तिथंही प्रोफाइलमधूनच रजिस्टर होते. या दोन्हीला कॉम्प्युटरवर सही करायचं सॉफ्टवेअर (एमसाइनर किंवा पोर्टल सांगेल ते) टाकावं लागते, पण ते ज्या त्या पोर्टलवरूनच उतरवा, दुसरीकडून नाही. ते सॉफ्टवेअर चालत नसलं तं राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, अँटिव्हायरस अडवून राहिला का ते पाहा. आणि जुन्या कॉम्प्युटरची तारीख पाहा! आतला सेल गेला की लाईन गेल्यावर तारीख कुठल्या कुठं मागं जाते, मंग पोर्टल म्हणते सर्टिफिकेट व्हॅलिड नाही अन् माणूस डीएससीवाल्याशी भांडत बसते.

सही केलेली पीडीएफ उघडली की पिवळं प्रश्नचिन्ह दिसते, डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावरही दिसते, त्याचा अर्थ सही खोटी आहे असा नाही. त्या कॉम्प्युटरला अजून सही देणाऱ्याची ओळख नाही एवढंच. अ‍ॅडोबमध्ये सहीवर राइट क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, सर्टिफिकेट दाखवा, ट्रस्टमध्ये अ‍ॅड करा, पुन्हा व्हॅलिडेट करा, हिरवी खूण येते. पण हे कागद कुठून आला याची खात्री असली तरच करायचं.

आता ज्याच्यासाठी हे एवढं लिहून राहिलो ते सांगतो. सरपंचाचं टोकन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अन् पासवर्ड वहीच्या पुठ्ठ्यावर, हे मी डोळ्यांनी पाहतो. महिला सरपंच असली तं टोकन नवऱ्याच्या खिशात. उत्पादक कंपनीच्या पाचही संचालकांची टोकनं एकाच माणसाच्या पिशवीत. ताई, दादा, आयटी कायदा 2000 प्रमाणे ही सही तुमच्या हातच्या सहीएवढीच पक्की आहे, बिल निघालं तं कागदावर नाव तुमचं येईल, चौकशीला तुम्हालाच बोलावतील, अन् मी केलीच नाही हे सिद्ध करणं फार जड जाते. दुसऱ्याची डीएससी लबाडीने वापरली तं कलम 66सी खाली 3 वर्षांपर्यंत कैद अन् 1 लाखापर्यंत दंड आहे, पण त्याच्यासाठी आधी लबाडी झाली हे तुम्हाला कळलं पाहिजे. म्हणून टोकन घरी कुलपात ठेवा, सहीच्या दिवशी घेऊन जा, समोर बसा, कोणाला किती रुपये जाऊन राहिले ते स्क्रीनवर वाचा, मंगच पासवर्ड टाका, काम झालं की टोकन काढून परत घ्या. लिहिता-वाचता कमी येत असलं तं भरोशाचं घरचं माणूस शेजारी बसवा, पण टोकन सोडून घरी जाऊ नका. ग्रामसेवक कितीही चांगला असला तरी त्याची सही त्याची अन् तुमची सही तुमची.

मुदत संपत आली की जुनीच पुढं वाढत नाही, नवी निघते, पुन्हा केवायसी अन् पुन्हा व्हिडिओ. टोकन तेच चालते. महिनाभर आधी हात लावा, टेंडरच्या शेवटच्या दिवशी डीएससी संपली तं कोणी थांबत नाही. नवी निघाल्यावर सगळ्या पोर्टलवर पुन्हा रजिस्टर करायची.

पद गेलं, संचालकपद सोडलं, किंवा टोकन हरवलं तं त्याच दिवशी डीएससी देणाऱ्या कंपनीकडं रिव्होकचा, म्हणजे डीएससी बंद करायचा, अर्ज टाका, त्यांच्या वेबसाईटवर सोय राहते. सोबत पंचायत समितीला किंवा जिथं संचालक होता त्या कंपनीला लेखी कळवा की पोर्टलवरून माझी डीएससी काढा, त्या अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या, अन् रिव्होक झाल्याचा मेल आला की त्याची प्रिंट त्याच कॉपीला जोडून ठेवा.