गुळवेलीचा काढा घरी कसा करायचा आणि कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये

करोनाच्या दोन वर्षांत गुळवेलीचं जे काय झालं ते विचारूच नका. ज्याला त्याला काढा, सकाळी उपाशीपोटी, संध्याकाळी परत, शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना एकच माप. मी पण त्यातलाच, तीन महिने रोज प्यायलो. नंतर एका वैद्यांनी विचारलं, ताप होता का? म्हटलं नाही. मग कशासाठी पीत होतास? यावर मी गप्प. औषध आहे ते, चहा नाही, एवढं डोक्यात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

आधी बघायचं की आपण घ्यायची का. परंपरेने गुळवेल देतात ती मुख्यतः रेंगाळलेल्या तापात, पित्तात, वातरक्तात म्हणजे ज्याला आपण गाऊट म्हणतो त्यात. ऍलर्जीच्या सर्दीवर २००५ साली ७५ पेशंटचा एक अभ्यास आला होता, ८ आठवडे अर्क दिला आणि शिंका, नाक वाहणं बऱ्याच जणांचं कमी झालं. म्हणजे उपयोग आहेच, पण "इम्युनिटी वाढते" एवढ्यावर वर्षभर पीत बसायला हा काही आधार नाही.

आता कुणी घेऊ नये. संधिवात (आमवात), ल्युपस, सोरायसिस असले ऑटोइम्यून आजार असतील तर नको, कारण तिथे आधीच शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटलेली असते आणि आपण तिला अजून चेव देतो. किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्यांनी तर नावच काढू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी नको, लिव्हरचा जुना त्रास असेल किंवा दारू जास्त होत असेल तरी नको. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद करायची आणि डॉक्टरांना तसं सांगायचंही, लोक हे सांगतच नाहीत. डायबेटिसवाल्यांची गोष्ट वेगळी, गुळवेल साखर खाली आणते आणि वर गोळी चालूच असते. आमच्या मावशीने सकाळची गोळी घेतली, वर काढा प्यायली आणि नाष्टा राहिला पूजेत, अकराच्या सुमारास घाम फुटला, हात थरथरायला लागले, मशीनवर साखर ५८. साखरपाणी दिल्यावर वीस मिनिटांत सावरली, पण तोपर्यंत आमचा जीव टांगणीला.

हे सगळं पार केलंत तर वेल ओळखायला घ्या, आणि इथे घाई करू नका. पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत, लांबून विड्याच्या पानासारखं वाटतं. पण पानावर जाऊ नका, खोड बघा. खोडावर करड्या रंगाचा कागदासारखा पातळ पापुद्रा असतो, नखाने ओढला की सुटून येतो आणि आत हिरवंगार दिसतं. आडवं कापलं की चकतीत सायकलच्या चाकासारखे आरे दिसतात. वेलीवरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबत असतात. हिची एक जवळची बहीण आहे, तिच्या खोडावर भरपूर उठावदार गाठी असतात आणि कापल्यावर दुधासारखा रस येतो, ती आपली नव्हे. आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये या दोन वेलींचा फरक मुद्दाम समजावून सांगितला होता. शंका आली तर तोडू नका, एखाद्या वैद्याला दाखवा.

काढ्यासाठी कोवळी वेल नको, अंगठ्याएवढी जाड बघून घ्या, कडुनिंबावर चढलेली असेल तर जुने लोक तिलाच पहिला मान देतात. एका माणसाला एका दिवसाला बोटभर लांब तुकडा, साधारण २० ग्रॅम, पुरे. धुवा, पापुद्रा खरवडून काढा, मग खलबत्त्यात ठेचा, नुसतं चिरून भागत नाही, धागे मोकळे झाले पाहिजेत, हाताला बुळबुळीत लागेल ते बरोबरच आहे. स्टीलच्या पातेल्यात दोन कप पाणी घालून मंद आचेवर ठेवा, झाकण नको. वर फेस येतो, घाबरू नका. अर्धा कप उरलं की गाळा आणि कोमट असताना प्या. कडू म्हणजे कडूच, मध घालायचा तर गार झाल्यावर. दुसऱ्या दिवसासाठी उरवून ठेवायचा नाही, रोज ताजा. सुकं चूर्ण असेल तर दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, त्यावर नाही, आणि काढा आणि चूर्ण दोन्ही एकदम तर मुळीच नाही.

किती दिवस? वैद्यांनी वेगळं सांगितलं नसेल तर सात, फार तर पंधरा दिवस, मग बंद. याला कारण आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले सहा पेशंट नोंदवले, पुढे देशभरातल्या १३ केंद्रांमधून असे ४३ पेशंट एकत्र मांडले गेले. आयुष मंत्रालयाने तेव्हा गुळवेलीला दोष देणं दिशाभूल करणारं आहे असं म्हटलं, वाद झाला. गंमत बघा, जी वेल पिढ्यानपिढ्या काविळीत देत आले तिच्यावरच काविळीचा आळ! मला विचाराल तर कोण खरं यात पडण्यापेक्षा लक्षणं ओळखता आली पाहिजेत. भूक मरणं, मळमळ, अंगाला खाज, लघवी चहासारखी गडद, डोळ्यांत पिवळेपणा, यातलं काहीही दिसलं की काढा त्याच दिवशी थांबवा, डॉक्टरांकडे जा, एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या, आणि गुळवेल घेत होतो हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

उरलेला तुकडा फेकू नका. हिचं एक संस्कृत नाव छिन्नरुहा, म्हणजे कापली तरी उगवणारी. वीतभर तुकडा कुंडीत तिरका खोचा, जो टोकाचा भाग मुळाकडचा होता तोच खाली, माती ओलसर ठेवा, काही आठवड्यांत डोळ्यातून हिरवा कोंब डोकावतो, मग चढायला एखादी दोरी बांधून द्या.