परदेशातल्या स्वस्त खोलीला ‘चालतंय की’ म्हणू नका

सांगलीहून रात्रभर बसनं मुंबई, मग विमानतळावर ताटकळणं, आणि बँकॉकला उतरून दुपारी कुठं खोलीची किल्ली हातात येते. गादी ओलसर असते, दाराची कडी नीट लागत नाही, तरी अंग इतकं आंबलेलं असतं की तोंडून निघतंच, ‘चालतंय की.’ पैसे तिथंच बुडतात. ‘एका रात्रीचा तर प्रश्न आहे, ॲडजस्ट करा’ या सल्ल्याची मला चीड आहे. ती रात्र काढली की मागायला काही उरत नाही.

बुकिंग करताना रद्द करता येणारं आणि हॉटेलवर पैसे द्यायचं घ्या, थोडं महाग पडलं तरी. व्हिएतनाम, सिंगापूरकडं स्वस्त खोलीला खिडकी नसणं नेहमीचं आहे आणि बुकिंगच्या पानावर ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. तिथं जाऊन त्यावरून भांडू नका.

पोचल्यावर आधी खोली बघायची, मग पैसे. पासपोर्ट दाखवावाच लागतो. थायलंडमध्ये परदेशी पाहुण्याची नोंद हॉटेलला २४ तासांत करावी लागते. नोंद झाली की पासपोर्ट परत घ्या. अनामत म्हणून तो ठेवायचा नाही.

खोलीत बॅग पलंगावर टेकवू नका, बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवा. चादर उचकटा आणि मोबाइलच्या उजेडात गादीच्या कडेची शिवण बघा, विशेषतः कोपरे. ढेकूण असतील तर तिथं काळे ठिपके दिसतात, पेनाचं टोक टेकवल्यासारखे. ओल्या टिश्यूनं पुसले की तांबूस पसरतात. पलंगाच्या उशाकडची फळीही बघा. एसी, गरम पाणी, दाराची कडी हे दोन मिनिटांचं काम.

आता खरी अडचण, काउंटरवरचं बोलणं. मी इथंच मार खाल्लाय. बँकॉकच्या एका गल्लीतल्या लॉजवर चार रात्रींचे पैसे आधीच रोख दिले होते. गादीला कुबट वास होता, भिंतीला ओल होती. आम्ही बॅगा उघडल्या, आंघोळी केल्या, झोपलो. पहाटे बायकोच्या दोन्ही हातांवर ओळीनं गांधी उठल्या होत्या. खाली जाऊन तक्रार केली तर काउंटरवरचा माणूस शांतपणे म्हणाला, ‘यू स्लीप, यू पे.’ मी आवाज चढवला, तसं त्यानं माझ्याकडं बघणंच बंद केलं. पैसे गेले ते गेलेच.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. खोली पटली नाही तर बॅग उघडायची नाही, बाथरूम वापरायचं नाही, पलंगावर बसायचंसुद्धा नाही. गादी, ओल, कडी यांचे फोटो काढायचे आणि पंधरा-वीस मिनिटांत खाली यायचं. ज्या ॲपवरून बुकिंग केलंय त्याच्यावरच हॉटेलला फोटोसह दोन ओळी लिहायच्या. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. मग काउंटरवर एकच मागणी करायची: ‘दुसरी खोली दाखवा.’ सात तक्रारींची यादी वाचलीत तर समोरचा सगळ्यात किरकोळ तक्रारीवर बोलत बसतो. टॉवेल जुना, लिफ्ट नाही, खोली लहान, हे सोडून द्या; त्या भाड्यात ते असायचंच. ढेकूण, ओल, न लागणारी कडी, किंवा लिहिलेलं असून नसलेली सोय, एवढ्यावरच अडून राहा.

आवाज चढवू नका. थायलंडमध्ये चारचौघांत ओरडलात की समोरच्याचा अपमान होतो आणि काम अडतं ते अडतंच. वाईट परीक्षण लिहिण्याची धमकीही देऊ नका. एकदा ती दिली की तुमची खरी तक्रारसुद्धा दमदाटी वाटायला लागते.

दुसरी खोलीही तशीच निघाली तर आधी ॲपच्या मदत केंद्राला कळवा, पैसे परत द्यायला हॉटेलची लेखी संमती घ्या, मगच बाहेर पडा. रागानं न सांगता निघून गेलात तर तुम्ही स्वतःहून खोली सोडली असं धरलं जातं आणि परतावा अडकतो. एअरबीएनबीवर अडचण कळल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदवावी लागते. कार्डानं पैसे दिले असतील तर बँकेकडं वाद नोंदवता येतो, म्हणून रोख देणं टाळा. पासपोर्टच अडवून ठेवला तर थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

ढेकणांच्या खोलीत रात्र काढावीच लागली असेल तर घरी आल्यावर बॅग आत नेऊ नका. कपडे सरळ ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवायला टाका. बॅग गच्चीवर नेऊन शिवणी आणि चेनच्या कडा ब्रशनं झाडा. नुसती उन्हात टाकून भागत नाही, आतल्या घडीत ढेकूण जगतात.