गावाच्या नावाचं मूळ शोधायला निघालात तर

गावाच्या नावाचा अभ्यास सुरू करणारे बहुतेक जण थेट अर्थ लावायला बसतात. मी नव्या मुलांना आधी एवढंच सांगतो: अर्थ राहू दे, नावाचं सर्वांत जुनं लिखित रूप हुडकून काढ.

पुण्याचंच घ्या. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. 758 आणि 768च्या ताम्रपटांत 'पुण्यविषय' आणि 'पूनकविषय' अशी दोन रूपं येतात. 'विषय' म्हणजे तेव्हाचा प्रशासकीय विभाग. मग मूळ नाव 'पुण्य', की लोकांच्या तोंडी असलेल्या नावाला लेखकाने दिलेलं संस्कृत वळण? हा प्रश्न ती दोन रूपं शेजारी ठेवल्याशिवाय पडतच नाही.

नाशिक म्हटलं की शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. पण पांडवलेण्यांत सातवाहन राजा कण्हाच्या काळातला, इसवी सनापूर्वीचा लेख आहे आणि त्यात नासिक हे नाव आलंय. गोष्ट मी फेकून देत नाही. वेगळ्या वहीत लिहून ठेवतो. लोकांनी त्या नावाशी कसं नातं जोडलं, हे तिच्यातून कळतं. फक्त तिला पुरावा म्हणू नये.

जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, सुरुवातीला चांगलं, पण तिथेच थांबू नका. जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकाच. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर त्याशिवाय बंदच राहतं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नाहीत. त्यामुळे एका कागदावरच्या वेलांटीवरून व्युत्पत्ती उभी करणं धोक्याचं. इंग्रजी कागदांत तर खडकीची 'किर्की' झालेली दिसते!

आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द अशा जोड्यांत शेपटी बाजूला काढून मूळ नाव पाहावं. बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव यांत तर झाड समोरच दिसतं.

मला सर्वांत मोलाची वाटतात ती शिवारातली नावं: माळ, ओढा, खिंड, पाणवठा यांची. ती नकाशावर क्वचितच सापडतात, म्हणून म्हाताऱ्या शेतकऱ्यांबरोबर आणि गुराख्यांबरोबर हिंडायला हवं. 'या नावाचा अर्थ काय?' असं मात्र विचारू नका. समोरचा माणूस तुम्हाला रिकाम्या हाताने कसा पाठवेल? तो आपल्या मनाने काहीतरी अर्थ जुळवून देतो. 'त्या पलीकडच्या रानाला काय म्हणता?' एवढंच विचारा आणि उच्चार जसाच्या तसा टिपा, शुद्ध करू नका. 'वडाचा माळ' ऐकलात तर तिथे आज वड आहे का, जवळ जुनी वस्ती होती का, हेही बघा.

प्रत्येक नावाला एक कार्ड करा: सापडलेलं रूप, साल, कागद कुठला, सांगणारा कुठल्या वस्तीतला. व्युत्पत्तीची जागा शेवटी ठेवा. पुरावा नसेल तिथे बिनदिक्कत 'अनिश्चित' लिहा. माझ्या कार्डांत हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा आलेला आहे.