कोर्ट ऑफ प्रोटेक्शनची सुनावणी बघायला बसणार असाल तर

शेफिल्डला सोशल वर्क शिकायला आले आणि पहिल्याच महिन्यात जवळच्या किंडर स्काउट या डोंगराची ओढ लागली. एडेलपर्यंत ट्रेन, पुढे पायी. उंची जेमतेम 636 मीटर, पण धुकं उतरलं की माथ्यावरच्या काळ्या चिखलाच्या घळींत सह्याद्रीत मुरलेला माणूसही वाट चुकतो. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो लोक बंदी मोडून या डोंगरावर चढले आणि त्यापायी पाच जण तुरुंगात गेले. आज आपण बिनधास्त चढतो.

कोर्ट ऑफ प्रोटेक्शनचं दारही असंच हळूहळू उघडलं. निर्णयक्षमता नसलेल्या माणसाने कुठे राहायचं, कोणाला भेटायचं, उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हे इंग्लंड-वेल्समध्ये हे कोर्ट ठरवतं. एवढा मोठा अधिकार, तरी 2016 पर्यंत बहुतेक सुनावण्या बंद दाराआड चालत. 2020 मध्ये सीलिया किट्झिंगर आणि गिल लूम्स-क्विन यांनी सामान्य लोकांना या सुनावण्या बघायला मदत करणारा ओपन जस्टिस कोर्ट ऑफ प्रोटेक्शन प्रोजेक्ट सुरू केला. त्यामुळे माझ्यासारख्या नवख्या बाईलाही निरीक्षक म्हणून बसता येतं हे कळलं.

आता माझी चूक. नीट वाचा.

कोर्टाच्या ट्रान्स्परन्सी ऑर्डरमध्ये, म्हणजे सुनावणीतलं काय बाहेर सांगायचं नाही हे ठरवणाऱ्या आदेशात, ज्या व्यक्तीबद्दल खटला आहे तिला 'पी' म्हणतात. मला वाटलं, नाव घेतलं नाही की झालं. पुढच्या रविवारी डोंगरावर एका मैत्रिणीला मी बघितलेली सुनावणी सांगत होते. गावाचा अंदाज, दुर्मिळ आजार, मुलाचा व्यवसाय, एवढंच. ती थबकली. "अगं, ते तर आमच्याच गल्लीतले." मी नाव उच्चारलंच नव्हतं. तीन साधे तपशील एकत्र आले आणि माणूस उभा राहिला. ओळख पटेल असं काहीही सांगायला आदेशाची मनाई असते, आणि सांगणं म्हणजे फक्त छापणं नव्हे. चहाच्या टपरीवरची गप्पा, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज, सगळं त्यात येतं. मोडलात तर कोर्टाचा अवमान: दंड किंवा तुरुंग. त्या रात्री मला झोप आली नाही. शिक्षेची भीती होतीच, पण ज्या बाईचं खाजगी आयुष्य मी हातात धरलं होतं तिचा चेहरा जास्त आठवत राहिला.

म्हणून लिहिण्या-बोलण्याआधी आदेश मागून घ्या आणि शब्दन्‌शब्द वाचा. हाती आला नाही म्हणजे मोकळीक मिळाली, असं अजिबात नाही. रेकॉर्डिंग आणि स्क्रीनशॉट तर गुन्हाच आहे.

"निकाल वाच, पुरे" म्हणणारे सीनियर भेटतील. ऐकू नका. निकालात कोणाचा आवाज कापरा झाला ते नसतं. 2005 चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट, म्हणजे निर्णयक्षमतेबद्दलचा कायदा, सांगतो की माणूस सक्षम आहे असंच धरून चालायचं, आणि निर्णय शहाणपणाचा नाही म्हणून कोणी अक्षम ठरत नाही. हे वाक्य मला परीक्षेत पाठ होतं. कळलं मात्र सुनावणीत, जेव्हा वकिलांच्या तासाभराच्या बोलण्यानंतर पी स्वतः म्हणाली, "मला घरी जायचंय."

बाकी घाबरण्यासारखं काही नाही. आदल्या संध्याकाळी कोर्टाच्या सुनावण्यांची यादी बघा, केस नंबर लिहून निरीक्षक म्हणून ऑनलाइन सुनावणीची लिंक मागणारा ईमेल कोर्टाला करा. कारण द्यावं लागत नाही, कायद्याची पदवी लागत नाही. कॅमेरा आणि माइक बंद ठेवा. सुनावणी ऐनवेळी रद्द होते, लिंक उशिरा येते, कधी येतच नाही. माझ्या पहिल्या दोन खेपा अशाच फुकट गेल्या, तिसऱ्यांदा सुरू व्हायच्या चार मिनिटं आधी लिंक आली.