सोलापुरात बाळ घरी येणार? आधी झाकणं घ्या

गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं. तो बदलीवर आलेला, तिला सातवा महिना. चहाला वर आली तेव्हा तिने मोबाइलमधली खरेदीची यादी दाखवली. वॉकर, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, मऊमऊ गादी, डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी, झगमग दिवे लागणारी खेळणी. यादी वाचून मी तिला विचारलं, "तुमच्याकडे पिंपं किती आहेत?" तिला वाटलं, बाईचं लक्ष दुसरीकडेच आहे.

मी मूळची चिपळूणची. यांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे २००९ मध्ये इथे आले आणि दोन्ही मुलं इथेच झाली. पाऊस, ओल आणि परसातली विहीर यांत वाढलेल्या बाईला इथल्या दोन गोष्टी पचायला वेळ लागला. एक एप्रिल-मेचं ऊन, दुसरी रोज न येणारं पाणी. बाळासाठी काय घ्यायचं आणि काय दुकानातच ठेवायचं, हे इथे या दोघांवरून ठरतं.

आधी पाणी. उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि नळाला तीन-चार दिवसांनी सुटतं; तुमच्या भागाचा दिवस शेजारी सांगतील. त्यामुळे प्रत्येक घरात पिंपं, घागरी, बादल्या काठोकाठ भरलेल्या असतात. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण आठ-नऊ महिन्यांचं रांगतं बाळ बादलीचा काठ धरून उभं राहतं, आत डोकावतं, आणि अंगाच्या मानाने डोकं जड असल्यामुळे तोंडावर आत जातं. भरलेली बादली त्याच्या वजनाने कलंडतही नाही. चार बोटं पाणी पुरतं, आणि आवाज होत नाही.

माझा मोठा दहा महिन्यांचा होता. पाणी सुटलं म्हणून मी मागे पाइप जोडायला गेले, दोन मिनिटांत परत आले तर हा मोरीत, बादलीवर ओणवा, दोन्ही तळवे पाण्यात. हसत होता. त्या दिवशी संध्याकाळी यांनी मोरीच्या दाराला बाहेरून, वरच्या अंगाला कडी ठोकली. हार्डवेअरच्या दुकानातली साधी कडी. दोन मुलांच्या काळात आम्ही घेतलेल्या सगळ्या वस्तूंत तिचा नंबर पहिला. दुसरा नंबर फिरकीच्या झाकणाच्या पिंपांचा. नुसतं वर ठेवलेलं ताट किंवा फळी म्हणजे झाकण नव्हे. न्हाणं झालं की बादली लगेच रिकामी करून पालथी घालायची. पाणी जपून वापरायच्या गावात जिवावर येतं, पण उरलेलं पाणी झाडांना घाला.

तीच झाकणं डेंग्यूसाठीही. हा डास गटारात वाढत नाही, तुमच्या आमच्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि चावतो दिवसा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं रिकामं करून आतून घासायचं. कूलरची टाकी सगळे विसरतात. बाळासाठी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी घ्या आणि ती दुपारच्या झोपेलाही लावा. कॉइल किंवा डास पळवणारी अगरबत्ती बाळाच्या खोलीत नको, आणि अंगाला लावायचं मलम दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावूच नका.

आता ऊन. पारा चाळीशी ओलांडतो आणि काही दिवस ४३-४४ पर्यंत जातो. स्लॅबखालचं वरच्या मजल्याचं घर रात्री दहालाही तापलेलं असतं. भाड्याने घर बघत असाल आणि बाळ मार्च ते जूनमध्ये होणार असेल, तर वरचा मजला घेऊ नका. कुठल्याही वस्तूपेक्षा याचा उपयोग जास्त. चिपळुणात कूलर लावला तर घर नुसतं दमट होतं, इथल्या कोरड्या हवेत तो झकास चालतो. मात्र खिडकी किंचित उघडी ठेवा आणि झोत थेट बाळावर सोडू नका.

कपडे म्हणजे पातळ सुती झबली, लंगोट आणि मलमलीची दुपटी, बस्स. चाटी गल्लीत मऊ मलमल मीटरवर मिळते. टॉवेल तर या गावाचेच, इथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. नवे आणले की आधी दोनदा धुवा, तेव्हा ते पाणी टिपायला लागतात. टोपरं, हातमोजे, पायमोजे असा संच भेट येईल. घरात, उन्हाळ्यात, ते घालू नका. बाळ डोक्यातून बरीचशी उष्णता बाहेर टाकतं. गरम होतंय का, हे हातपायांवरून कळत नाही. मानेमागे नाहीतर छातीवर हात ठेवा. घामाने ओलं लागलं तर एक कपडा काढा. घामोळ्यांवर पावडर उधळू नका, ती श्वासातून छातीत जाते.

उन्हाळ्यातच सगळ्यात मोठा वाद होतो. "एवढ्या उन्हात लेकराचा घसा सुकेल, दोन चमचे पाणी पाज." मला हे तीन भाषांत ऐकवलं गेलं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणी नाही, अगदी मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. बाळाला वारंवार पाजा आणि तांब्या स्वतःजवळ ठेवा. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल तर चिंता नाही.

बाहेरचं दूध द्यायची वेळ डॉक्टरांच्या सांगण्यावरून आलीच, तर बाटलीऐवजी बोंडलं किंवा वाटी-चमचा घ्या. उघड्या तोंडाचं स्टीलचं बोंडलं बोटाने घासता येतं आणि पातेल्यात उकळता येतं. बाटलीचं बूच आणि बाटलीची मान तशी घासता येत नाही, आणि पाण्याच्या टंचाईत तर नाहीच. मग निर्जंतुक करायचं यंत्र कशाला हवं? दुधाचा डबा किंवा बाटली यांच्यावर कुणी 'स्कीम' सांगत असेल तर त्या दुकानातून निघा. १९९२ च्या कायद्याने या वस्तूंची जाहिरात आणि त्यांवर सूट-भेटी द्यायला बंदी आहे.

औषधांचा डबा लहानच ठेवा. काखेत लावायचा साधा डिजिटल तापमापक, नाकात घालायचे सलाइनचे थेंब, जुलाबात पाण्यात कालवून द्यायची ओआरएसची पुडी, नखं कापायची छोटी कात्री. पाऱ्याचा तापमापक घरात असेल तर बाळाच्या हाताला लागू देऊ नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी औषध देत बसायचं नाही, थेट दवाखाना. रात्री वाहन नसेल तर १०८.

पॅरासिटामॉलबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मी स्वतः ठेच खाल्ली आहे. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते, एका औषधाच्या दुकानात मला सिरप दिलं गेलं, आणि मी ०.८ मिली मोजून पाजलं. रात्रभर ताप उतरेना. सकाळी कळलं, थेंबांमध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५. म्हणजे मी पाव हिस्सा दिला होता. हीच चूक उलटी झाली असती तर चौपट औषध पोटात गेलं असतं आणि लिव्हरवर बेतलं असतं. तेव्हापासून मी बाटलीवर पेनाने 'थेंब' किंवा 'सिरप' लिहून ठेवते. औषध वजनावर ठरतं, म्हणून बाळाचं ताजं वजन लक्षात ठेवा; अंगणवाडीत काटा असतो.

ओआरएसचंही तसंच. २०.५ ग्रॅमचं पाकीट, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. पाकीट थोडंथोडं करून वाटीभर पाण्यात कालवू नका. गोड चवीचे तयार डबे ओआरएस नव्हेत. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायलाच मनाई केली.

लसीकरणासाठी वेगळं पॅकेज घ्यायची गरज नाही. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आणि सिव्हिलला जन्मानंतरच्या बीसीजीपासून सगळ्या सरकारी लसी फुकट मिळतात. माता बाल संरक्षण कार्ड मात्र जपा, बदली झाली तरी तेच पुढे चालतं.

आता शेजार. इथे अर्धी गल्ली तेलुगु बोलते, उरलेल्यात कन्नड आणि उर्दू, आणि बाळ झालं की सगळ्या हक्काने घरात येतात. माहेर तीनशेएक किलोमीटर लांब असलेल्या मला या बायकांनीच उभं केलं. समोरच्या अम्मांनी महिनाभर कडक भाकरी आणि लसणाची चटणी पुरवली. त्याच अम्मा न्हाणं झाल्यावर बाळाला साम्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर द्यायला निघाल्या. धूर नको, काजळ नको, कानात-नाकात तेल नको, मध आणि गुटी नको, नाळेवर काही लावायचं नाही. हे सरळ तोंडावर सांगितलं तर वाईट वाटतं. मी म्हणायचे, "अम्मा, डॉक्टर माझ्यावर ओरडतील." दोष डॉक्टरांवर, नातं शाबूत. मालिश मात्र त्यांच्याकडूनच करून घ्या, हात सोन्याचा असतो. काळा दोरा बांधायचाच असेल तर कमरेला, सैल. गळ्यात काहीही नको.

झोपवताना बाळ उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर. राईची उशी, लोड, मऊ खेळणी काही नको. वॉकरबद्दल माझं मत कडवट आहे. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदी घातली, कारण मुलं त्यासकट जिन्यावरून पडत होती. आपल्याकडे उंबरा आहे, जिना आहे आणि वर सांगितलेली पिंपंही आहेत. चालायला त्याने लवकर येत नाही.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. पण जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते आणि तिथून लखलखणारं काहीतरी घरात येतंच. त्यातली बटणासारखी बॅटरी बघा. झाकण स्क्रूने बंद नसेल तर मोठ्यांनी पाहावं आणि कपाटावर ठेवावं. ती गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. दुसरा धोका आपल्या लाडक्या शेंगांचा. भाजलेल्या शेंगा सोलत बसलो की दाणे खाली सांडतात आणि रांगतं बाळ ते वेचतं. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो. शेंगा खायच्या तर टेबलावर, नंतर लगेच झाडू.

गाडीचं थोडक्यात. मान धरत नसलेलं बाळ दुचाकीवर नेऊच नका, रिक्षा करा. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर हार्नेस हवा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेटही, आणि वेग ताशी ४० च्या आत. मोटार असेल आणि पुण्या-मुंबईला जाणं होत असेल, तर पैसे वॉकरऐवजी कारसीटला लावा. तोंड मागे करून, मागच्या सीटवर. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही. आणि 'दोन मिनिटांत येते' म्हणून बाळाला उभ्या गाडीत ठेवू नका, इथल्या उन्हात तर मुळीच नको.

बारशाला सोलापुरी चादरी येतील. आम्हाला सात आल्या होत्या. बाळाच्या अंगावर घालायला त्या जड आणि जाड, तिथे मलमलीचं दुपटंच बरं. चादरी तुम्ही दोघं वापरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तीनला पाजायला उठाल तेव्हा लागतील.